पावती नसलेली हमी

माल परत करण्यातली लबाडी हे ऑनलाइन दुकानांचं अपत्य आहे, असा सरसकट समज दिसतो. टपालाने माल विकणाऱ्यांचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्डने १८७२ साली खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना छापील यादीवरून माल विकायला सुरुवात केली आणि १८७५ मध्ये समाधान न झाल्यास पैसे परत देण्याचं वचन दिलं. यात औदार्य कमी, हिशेब जास्त होता. कधी न पाहिलेल्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचे, तर त्याची धास्ती घालवण्याचा खर्च दुकानदारालाच उचलावा लागणार. मात्र अनोळखीपणा दोन्ही बाजूंचा असतो. दुकानदारालाही गिऱ्हाइकाचा चेहरा दिसत नाही, आणि लबाडीला वाव मिळतो तो तिथेच. माल परत घेणं बंद केल्याने ही फट बुजत नाही; कोणी, काय आणि केव्हा घेतलं याची नोंद हाताशी असली तरच बुजते.

याचा उत्तम दाखला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीचा. लिऑन लिऑनवुड बीन यांनी १९१२ मध्ये शिकाऱ्यांसाठी रबरी तळाचे, चामडी वरच्या भागाचे बूट बनवले आणि परराज्यांतून आलेल्या शिकार-परवानाधारकांच्या यादीवरून टपालाने जाहिरात केली. पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण रबर आणि चामडं शिवणीतून सुटलं. बीन यांनी सगळ्यांचे पैसे परत दिले आणि कर्ज काढून बूट सुधारले. पुढे कंपनीचं नाव याच सचोटीवर चाललं. वापरून कितीही काळ लोटला तरी वस्तू परत करता येई. मग लोक भंगारातून, जुन्या बाजारातून त्या छापाच्या वस्तू उचलून आणू लागले आणि नवी वस्तू मागू लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने मुदत एक वर्षावर आणली आणि खरेदीचा पुरावा सक्तीचा केला. पुन्हा विकता येणार नाही अशा परत आलेल्या मालापायी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर गेल्याचं तिने सांगितलं. त्यातली सगळीच रक्कम लबाडीची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं.

अशी हमी हीच जाहिरात, तोटा हा तिचा खर्च, असा यावर आक्षेप घेता येईल. शंभर वर्षांच्या आसपास तो हिशेब जमलाही. पण पावतीशिवाय चालणारी हमी ही दाखवील त्याला पैसे देणाऱ्या हुंडीसारखी असते. बाजारात पत असलेल्यालाच पैसे देणारी शाहजोग हुंडी आपल्या सावकारांनी उगीच काढली नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूठभर लबाडांपायी प्रामाणिक माणसाने का सोसावं? काही ग्राहक बीनविरुद्ध कोर्टातही गेले. तरी कंपनीने सदोष मालाचा विचार वर्षानंतरही करायची तयारी ठेवली. पावती मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे, आणि ज्याने खरंच विकत घेतलं त्याला ती सहसा जडही जात नाही.

आपल्याकडे १८७७ पासून चाललेल्या व्ही. पी. पी.त उलटी तऱ्हा होती: पोस्टमनच्या हाती पैसे दिल्यावरच पार्सल फोडता येई, म्हणजे आत वीट निघाली तर भोग गिऱ्हाइकाचे. विक्रेत्याला भीती फक्त पार्सल नाकारलं जाण्याची. ऑनलाइन दुकानांनी सहज परतीची सोय दिली आणि विटेची भीती विक्रेत्याकडे सरकली. परतीच्या खोक्यात काय येईल हे आता त्याला ठाऊक नसतं. म्हणूनच महागड्या मोबाइलचं खोकं दारातच ग्राहकासमोर उघडून दाखवायची पद्धत आली. तिने दोघांनाही साक्षीदार मिळतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं अनुचित ठरवलं आहे. त्याची मुदत मात्र बिलावर छापलेली धरायची, आणि बिलावर काहीच नसेल तर ३० दिवस.