कार्ले लेणी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. शिलालेखांत या स्थळाचे नाव ‘वलूरक’ असे येते. येथील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे समजले जाते. त्याची लांबी सु. ३८ मी., तर रुंदी व उंची सु. १४ मी. आहे. छताच्या मूळ लाकडी फासळ्या सुमारे २,००० वर्षे टिकल्या, हे खरोखर थक्क करणारे आहे.

हे काम एका राजाचे नव्हे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले व ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले. त्याचा अभिमान सार्थ वाटतो. धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, स्तंभ दिले, सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, द्वाराचे दान केले, तर दर्शनी सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा आहे. दाराचे काम करणाऱ्या सामि या सुताराचेही नाव येथे वाचता येते. भिक्षूंचा चरितार्थ मात्र राजसत्तेने दिलेल्या गावांवर चाले. क्षहरात वंशातील शासक नहपान याचा जावई उषवदात याने करजिक गाव दिले. नंतर सत्ता सातवाहनांकडे गेल्यावर त्यांनीही ते दान चालू ठेवले.

दर्शनी भिंतीवरील बुद्धमूर्ती महायान काळातील, म्हणजे नंतरच्या आहेत. चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर असून ती अनेक कोळी कुटुंबांची कुलदेवता आहे.