वेठबिगारी : उचलीची साखळी

मुरबाड तालुक्यातील सिद्धगड म्हटला की २ जानेवारी १९४३ रोजी तेथे हुतात्मा झालेले भाई कोतवाल व हिराजी पाटील आठवतात. मात्र मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांना आणखी एक पारतंत्र्य ठाऊक आहे, ते वेठबिगारीचे.

अटलांटिकपलीकडील गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अमेरिका खंडांतील मळ्यांकडे नेण्यात आली. व्यापार करणारी राष्ट्रे ख्रिस्ती होती, हे आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली सेनेगलच्या गोरे बेटावर या पापाबद्दल क्षमायाचना केली.

मळ्यावर माणूस विकत घ्यावा लागे. वेठबिगारीत कर्ज पुरते. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, तेव्हा वीटभट्टीवाला उचल देतो. दिवाळीनंतर मुलाबाळांसह सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते. मजुरी उचलीत वळती होते, हिशेबाची वही मालकाकडेच. बाकी उरली की पुढचा हंगामही बांधला जातो. मुलांची शाळा बुडते, ती वेगळीच.

कायदा स्पष्ट आहे. २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगारी बंद झाली आणि वेठबिगाराचे असे कर्जही रद्द ठरले. सक्तीने राबणारा मजूर आगाऊ रकमेपोटीच राबतो आणि म्हणून तो वेठबिगार आहे असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. चौकशीनंतर मिळणारा मुक्ततेचा दाखला मजुराने स्वतःपाशी ठेवावा. पुनर्वसनाचे साहाय्य मिळवताना तोच लागतो.