नांगराची निशाणी: ‘देशमुख’ या शब्दाची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या बाजारात कुणी ‘देशमुख’ अशी हाक मारली, तर ऐकणाऱ्याला ते आडनावच वाटेल. पण हे आडनाव मराठ्यांत आहे, ब्राह्मणांत आहे, लिंगायतांत आणि मुसलमानांतही आहे. एक आडनाव इतक्या समाजांत गेलं, कारण मुळात ते आडनाव नव्हतंच. ते एक पद होतं.

जुन्या कागदांत ‘देश’ म्हणजे परगणा, अनेक गावांचा एक पट्टा. त्याचा मुख्य तो देशमुख. गावोगावच्या पाटलांकडून वसूल गोळा करून सरकारात भरायचा, ओस पडलेली गावं पुन्हा वसवायची, शिबंदी बाळगायची आणि गोतसभेत बसून तंटे मिटवायचे, ही त्याची कामं. हिशेब देशपांड्यांकडे असे. मोबदल्यात मिळे ते वतन: इनाम जमीन, वसुलातला हक्क आणि मानपान. वतन बापाकडून लेकाकडे जाई, भावाभावांत वाटलं जाई, विकलंही जाई. त्यामुळे बीडच्या मुलखावर बहमनी, निजामशाही, मोगल अशा सत्ता आल्या-गेल्या, तरी रयतेला रोज दिसणारं सरकार म्हणजे देशमुखच होता.

निवाड्याच्या महजरावर देशमुख नांगराची निशाणी करत. कुणब्याची निशाणीही नांगरच. चिन्ह एक, पण एकाच्या हाती ते अधिकाराची खूण होतं, दुसऱ्याच्या हाती कष्टाचं अवजार. या शब्दाची पुढची सगळी गोष्ट या दोन नांगरांमधल्या अंतराची आहे.

जमिनीतून राजकारण उगवावं, हे त्या काळी इतरत्रही घडत होतं. इंग्लंडमध्ये 1711 च्या कायद्याने परगण्यातून पार्लमेंटमध्ये जायला वर्षाला 600 पौंडांचं जमिनीचं उत्पन्न असण्याची अट घातली. तिथला जमीनदार लंडनच्या सभागृहात बोलायला जाई. आपल्याकडे तसं सभागृह नव्हतं. देशमुखाचं राजकारण गढीत चाले, आणि कुणाच्या बाजूने उभं राहायचं या निर्णयातून घडे. 1659 मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा कारीचे कान्होजी जेधे आदिलशाही फर्मान बाजूला सारून शिवाजीराजांकडे गेले. वतनावर पाणी सोडायच्या तयारीने घेतलेला तो निर्णय होता.

तरीही महाराजांनी देशमुखांना मोकळं रान दिलं नाही. त्यांचे कोट-हुडे पाडले आणि वसुलाची घडी अशी बसवली की रयतेचा संबंध थेट सरकारशी यावा. दोन नांगरांमधलं अंतर कमी करण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. 1689 नंतर औरंगजेब आणि मराठे दोघेही सरदारांना वतनांचं आमिष दाखवू लागले, तेव्हा ही घडी विस्कटली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे वाटेकरी म्हणून जोखलं आहे, ते या अनुभवातून.

याच काळात शब्दाने सर्वांत मोठी झेप घेतली. मराठ्यांनी दक्षिणेचे सरदेशमुख असल्याचा दावा करून वसुलाचा दहावा हिस्सा मागितला. 1719 मध्ये मोगल बादशहाच्या सनदेने सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली, आणि पालखेडच्या लढाईनंतर 1728 मध्ये मुंगी-शेवगावच्या तहात निजामानेही ती मान्य केली. परगण्यातला एक हक्क आता राज्याचा आधार झाला होता.

दिंद्रुडचा मुलूख मात्र निजामाकडेच राहिला. एकोणिसाव्या शतकात हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हे आखले आणि वसूल पगारी अंमलदारांकडे सोपवला. देशमुखांना रोख रुसूम मिळू लागला. काम गेलं, मान राहिला. परगण्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी सुटली, जमीन मात्र हातात राहिली. तेलंगणात तर काही देशमुखांनी हजारो एकर बळकावले आणि वेठबिगारी लादली. 4 जुलै 1946 रोजी विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्या या शेतकऱ्याला गोळी घातली, आणि सशस्त्र लढा पेटला. एकाच राज्यात हा शब्द मराठी घरात मानाने उच्चारला जाई, तेलुगू शेतमजुराच्या तोंडी भीतीने.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी संपली. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ म्हणून हक्क दिले. प्रत्येक कुळाला जमीन मिळाली असं नाही. कागद आणि ताबा यांतलं अंतर अनेकांना पार करता आलं नाही. पण हक्काचा आधार बदलला. आता निशाणीचा नांगर पुरेसा नव्हता, शिवारात नांगर कोण चालवतो हे विचारलं जाऊ लागलं.

मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणाराही. देशमुखांची कुळकथा आपण नेहमी पहिल्या अर्थाने सांगतो. दुसऱ्या अर्थाची माणसंही त्याच महजरांवर आहेत. त्यांनी काढलेला नांगरही वाचला, तरच ही कथा पुरी होते.