महासाथ आणि वैद्यकीय प्रशिक्षणार्थी (महाराष्ट्र)

कोविड-१९ च्या महासाथीचा (२०२०–२२) राज्यातील वैद्यकीय विद्यार्थी, आंतरवासी व निवासी डॉक्टर यांच्या अध्ययनावर व मनःस्वास्थ्यावर झालेला परिणाम. मार्च २०२० मध्ये शासनाने राज्यात लागू केलेला साथरोग अधिनियम (१८९७) हा मुंबईच्या प्लेगचाच वारसा होय.

शिक्षण : पदवीपूर्व वर्ग बंद होऊन अध्यापन दूरस्थ झाले, शवविच्छेदन व रुग्णशय्येजवळचे शिक्षण मात्र पडद्यावर साधणारे नव्हते. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडकरिता राखून ठेवण्यात आल्यावर संलग्न टोपीवाला महाविद्यालयातील निवासी डॉक्टरांस, मग त्यांची विद्याशाखा कोणतीही असो, एकाच व्याधीच्या सेवेत रुजू व्हावे लागले. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्याने शल्यशाखेचे नुकसान सर्वाधिक झाले, असे मानण्यास जागा आहे. बाधित मातांच्या प्रसूती नायर रुग्णालयात मोठ्या संख्येने झाल्यामुळे प्रसूतिशास्त्राला हा निष्कर्ष तितकासा लागू पडत नाही.

परीक्षा व प्रवेश : १८ एप्रिल २०२१ रोजी मुक्रर झालेली पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा (नीट-पीजी) तीन दिवस आधी तहकूब झाली, ३ मे रोजी केंद्राने ती आणखी किमान चार महिने लांबवून आंतरवासींस वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविडसेवेत नेमण्याची तजवीज केली व शंभर दिवस सेवा करणाऱ्यांस सरकारी भरतीत प्राधान्य देऊ केले. परीक्षा ११ सप्टेंबर रोजी झाली. परंतु आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणावरील दाव्यामुळे प्रवेशफेऱ्या अडल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ जानेवारी २०२२ च्या अंतरिम हुकुमानंतरच त्या सुरू झाल्या. परिणामी प्रथम वर्षाची तुकडी महिनोन्‌महिने रुजू न झाल्याने तिचा भार वरच्या तुकड्यांवर पडला. या विलंबाविरुद्ध डिसेंबर २०२१ मध्ये देशभर झालेल्या निवासी डॉक्टरांच्या आंदोलनात राज्यातील ‘मार्ड’ ही संघटनाही उतरली.

मनःस्वास्थ्य : निद्रानाश, चिंता, आप्तांस संसर्ग होण्याचे भय व मृत्यूंचे सततचे सान्निध्य यांचा निर्देश वारंवार आढळतो, तथापि पुष्कळशा पाहण्या स्वेच्छेने भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेल्या असल्याने त्यांतील प्रमाणे जपून घ्यावीत.

रायगड जिल्हा : रोहे तालुक्यातील कोलाडसारख्या गावी परतलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सर्वस्वी वीज व दूरध्वनीच्या जाळ्यावर अवलंबून होता, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दक्षिण रायगडात दोन्ही कोलमडली. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मंजुरी याच महासाथीच्या काळात मिळाली.