सव्वीस जुलैची अतिवृष्टी : दखल आणि विस्मृती

आपत्तीचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर वस्तुतः दोन घटना असतात. एक, प्रत्यक्ष घडलेली आपत्ती. दुसरी, शासनाने व वृत्तपत्रांनी तिची घेतलेली दखल. या दोहोंची व्याप्ती क्वचितच सारखी असते, आणि पुढील पिढ्यांच्या हाती साधन म्हणून उरते ती बहुधा दुसरीच. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी हे याचे ठळक उदाहरण होय.

त्या दिवशी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाबा येथे त्याच अवधीत केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरातील या दोन नोंदींमधील तफावत फक्त हवामानशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे असे नव्हे. मंत्रालय, महापालिकेचे मुख्यालय आणि अनेक प्रमुख वृत्तपत्रांची कार्यालये दक्षिण मुंबईत, म्हणजे कुलाब्याच्या बाजूस होती. इकडे कुर्ला, कालिना, वांद्रे या भागांत मिठी नदी वस्तीत शिरली असता लोकलगाड्या थांबल्या, वीज गेली आणि दूरध्वनी मुके झाले. ज्यांनी दखल घ्यावयाची ते जेथे होते तेथे पाऊस बेताचा होता, आणि जेथे पाऊस होता तेथून वार्ता बाहेर पडण्याची साधनेच प्रथम बुडाली. दखलेतील पहिली विषमता अशी खुद्द शहराच्या पोटातच निर्माण झाली.

साकीनाका येथे डोंगरउतारावरील झोपडवस्तीवर दरड कोसळून सत्तरांहून अधिक माणसे दगावली. तथापि या आपत्तीचे जे चित्र लोकमानसात रुजले, ते मुख्यतः बंद मोटारींचे, रुळांवरून पायी चाललेल्या नोकरदारांचे आणि रात्रभर कचेऱ्यांत अडकून पडलेल्यांचे. हे चित्र खोटे नव्हे; परंतु ते सांगू शकणाऱ्यांचे आहे.

दुसरी विषमता शहर आणि जिल्हे यांच्यामधील. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि मृतांची संख्या दोनशेच्या आसपास पोहोचली. राज्यभरातील बळींची संख्या एक हजाराच्या वर गेली. त्यांपैकी अर्ध्याहून अधिक माणसे मुंबई शहराबाहेरची होती. मुंबईची लोकसंख्या अफाट, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक होते, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य केला पाहिजे. परंतु लक्ष हे बळींच्या प्रमाणात विभागले गेले असते, तर या आपत्तीला नुसते ‘मुंबईचा पूर’ हे नाव पडते ना.

नामाभिधानाचा हा मुद्दा गौण नाही. मराठीत ‘सव्वीस जुलै’ हा शब्दप्रयोग आज वर्षाचा उल्लेख न करताही विशेषनामासारखा वापरला जातो, आणि त्याचा संकेतार्थ मुंबईपुरता मर्यादित झाला आहे. त्याचप्रमाणे ‘जनजीवन पूर्वपदावर आले’ हे ठरीव वाक्य पाहावे. मुंबईच्या संदर्भात त्याचा व्यवहारातील अर्थ लोकल सुरू झाली एवढाच असतो. ज्या गावाची वस्तीच मातीखाली गेली, त्याला पूर्वपद उरत नाही. म्हणून हे वाक्य त्याला लागू पडत नाही, आणि वार्तेलाही तेथे शेवट सापडत नाही.

दखलेच्या मागोमाग उपाययोजना येते. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून तयार होता. त्याला खरी गती मिळाली ती २००५ नंतर. ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, आणि २००७ मध्ये केंद्राने जलवाहिन्यांच्या योजनेसाठी सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले. बारा वर्षे पडून राहिलेला अहवाल लोकांचे लक्ष वेधले जाताच हलला, ही गोष्ट मुंबईच्याही दृष्टीने सुखावह नाही. डोंगरउतारांवरील गावांच्या वाट्याला मात्र अशी नामांकित संस्था आली नाही.

त्याचे परिणाम पुढे दिसले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ती वार्ता बाहेर पोहोचविली ती गाव जागेवर न दिसल्याने चक्रावलेल्या एस. टी. बसच्या चालकाने. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे तळिये त्याच महाड तालुक्यातील होय. सोळा वर्षांपूर्वीचा धडा त्या तालुक्याने आपल्या माणसांच्या मोलाने घेतला होता. परंतु राज्याच्या स्मृतीत तो मुंबईच्या नावावर जमा झाला होता.

यावरून इतिहासलेखनाला एक पथ्य मिळते. वृत्तपत्रांच्या संचिका व समित्यांचे अहवाल यांवरच विसंबले, तर दखलेतील विषमता इतिहासातही जशीच्या तशी उतरते. तलाठ्यांचे पंचनामे, ग्रामपंचायतींच्या मृत्युनोंदी, तालुक्याच्या ठिकाणची पर्जन्यमापने आणि वाचलेल्यांचे कथन ही साधने त्यांच्या बरोबरीने तपासली पाहिजेत. ती विखुरलेली आहेत, आणि कथन करणारी पिढी वयाने पुढे सरकत आहे. जुईची आठवण अद्याप माणसांजवळ आहे; ती कागदावर आणण्यास फार अवधी उरलेला नाही.