झबले

अर्भकास घालावयाचे, बंदांनी बांधले जाणारे सैल सुती वस्त्र. बंगळूरच्या मराठी घरांत ते दुपटे व कुंची यांसह हातानेच शिवण्याची चाल आहे. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठीभाषक नामदेव शिंपी व भावसार समाजांचा शिवणकाम हा परंपरागत पेशा होय.

धुऊन मऊ झालेले जुने धोतर किंवा मलमल झबल्यासाठी प्रशस्त मानतात, कारण नव्या कापडातील खळ व कच्चा रंग कोवळ्या त्वचेस उपद्रव देतात. कर्करोगकारक ठरणाऱ्या काही ॲझो रंगांवर भारत सरकारने १९९७ साली बंदी घातली. शिवणीच्या कडा बाहेर ठेवाव्यात. गुंड्या, मणी, टिकल्या तीन वर्षांखालील मूल गिळू शकते, म्हणून त्या मुळीच लावू नयेत, आणि बंद आखूड व पक्के टाचलेले असावेत. युरोपीय मानकात सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी वा टोपीस दोऱ्या वर्ज्य आहेत. हा दंडक कुंचीस लावणे आजीबाईंना खचित रुचणार नाही. तथापि निजविताना ती उतरविणे अगत्याचे आहे, कारण बंदांनी गळफास बसण्याचे आणि झाकलेल्या डोक्याने अंग अतितप्त होण्याचे भय असते.