परत मागवलेलं खेळणं

टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आलेल्या घरात एखादी पिपाणी, नाहीतर चावीची मोटार हमखास येते. अशा मोटारीवर बहुतेक वेळा ना कारखान्याचं नाव, ना गावाचं. तिचं चाक निघून पोराच्या घशात गेलं, तर तसल्या बाकीच्या मोटारी परत कोण मागवणार?

खेळणी परत मागवायची रीत रुळली ती नावाच्या जोरावर. डिसेंबर १९७८, अमेरिका. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेवरून मॅटेल कंपनीने एक अंतराळयान काढलं होतं. कळ दाबली की त्यातून प्लॅस्टिकचं इवलंसं क्षेपणास्त्र सुटायचं. ते चार वर्षांच्या एका मुलाच्या घशात गेलं आणि मूल दगावलं. जानेवारीत कंपनीने जाहीर केलं : क्षेपणास्त्रं टपालाने परत पाठवा, बदल्यात आमच्याच हॉट व्हील्सची मोटार घ्या. पोरांशी केलेला हा सौदा कंपनीला शोभणाराच होता.

१ जानेवारी १९८० पासून तिथे सुट्या तुकड्यांचा नियम लागू झाला. त्याचं माप म्हणजे एक नळकांडं : व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका कडेला २५.४ आणि दुसऱ्या कडेला ५७.१. तुकडा न दाबता त्यात पुरता मावला, की तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ते खेळणं बाद. चार वर्षांचं ते मूल या नियमातही बसलं नसतं, ही गोष्ट वेगळी. हेच नळकांडं आज आपल्या आयएस ९८७३ या मानकातही आहे.

२००७च्या ऑगस्टमध्ये मॅटेलवर पुन्हा तीच पाळी आली. चीनमध्ये बनलेल्या सुमारे १५ लाख खेळण्यांच्या रंगात शिसं असल्याची शंका होती. पाठोपाठ सुटे होणारे लोहचुंबक निघाले. असे दोन चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांपलीकडूनही एकमेकांना खेचतात आणि मधलं आतडं फाटतं.

याची धग मुंबईपर्यंत आली. कन्झ्युमर वेल्फेअर असोसिएशन विषारी खेळण्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. २३ जानेवारी २००९ रोजी केंद्राने चिनी खेळण्यांची आयात सहा महिन्यांसाठी बंद केली. २ मार्चलाच ती सैल करून सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रावर माल येऊ दिला. आपला ओढा तेव्हापासून दारावरच अडवण्याकडे आहे, आणि बिननावाच्या मालापुढे दुसरं करण्यासारखंही फारसं नाही. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातून उचललेल्या १२१ नमुन्यांपैकी सुमारे ६७ टक्के नापास झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली.

माल परत मागवण्याचा अधिकार २०१६च्या भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) कायद्यात आहे, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आहे. बातम्या मात्र छाप्यांच्या येतात. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने महिनाभरात १८,६०० खेळणी जप्त केल्याचं सांगितलं, तीही मॉल आणि विमानतळांवरच्या नावाजलेल्या दुकानांतून. ती फळीवरची होती. त्याआधी विकली गेलेली घरोघरी राहिली.

नव्या खोक्यावर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, ते दिसतं.